आईच्या खोलीतला एसी आणि स्टुडिओतला एसी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर घर. आई सत्तरीच्या पुढची, बीपीची गोळी चालू. मागचा मे महिना तिने कसाबसा काढला, म्हणून यंदा तिच्या खोलीत एसी बसवायचा विचार आहे. कॉलेजात जाणारी मुलगी मात्र अडून बसली आहे. टीव्हीवर आणि पेपरात रोज सांगतात की एसीमुळे पृथ्वी तापते, मग आपण कशाला घ्यायचा, असं तिचं म्हणणं. प्रश्न विचारणारे मुलीचे वडील म्हणतात, सांगणारे स्वतः कोट-टाय घालून गारेगार स्टुडिओत बसतात, त्यांचं काय ऐकायचं? तर खरं कोणाचं, आणि एसी घ्यायचा की नाही?

एसी घ्या. आईसाठी घ्यायलाच हवा. मुलीलाही गप्प करू नका, तिचा मुद्दा खरा आहे. तुमचा रागही खरा आहे. माझं आयुष्य सोलापुरात एसी-रेफ्रिजरेशनच्या कामात गेलं आणि आता वीज-बचतीचं ऑडिट करतो. हॉस्पिटलं, बँका, टॉवेलचे कारखाने आतून पाहिलेत, तशीच वर्तमानपत्रांची आणि चॅनेलांची ऑफिसंही पाहिलीत. म्हणून दोन्हीकडचं मीटर वाचून उत्तर देतोय.

आधी तुमच्या रागाबद्दल. स्टुडिओला एसी लागतोच, हे मोकळेपणाने मान्य करू. आवाज येऊ नये म्हणून खोली चारी बाजूंनी बंद, खिडकी नाही, डोक्यावर दिव्यांची रांग, शेजारी सर्व्हरची खोली. पूर्वी एकेक हॅलोजन दिवा किलोवॅट-दोन किलोवॅटचा असायचा. दहा दिवे लावले की बंद खोलीत दहा इस्त्र्या तापत ठेवल्यासारखं व्हायचं. आता दिवे एलईडीचे झाले, उष्णता कितीतरी उतरली, पण सेटिंग तेच राहिलं, १८ नाहीतर १९, फार तर २०. का, म्हणून विचारलं की उत्तर येतं, कोटामुळे. सुती शर्टात २६ ला निवांत बसणारा माणूस कोट, टाय आणि मेकअपमध्ये २६ ला घामेजतो, हे बरोबर आहे. मग कोट काढायचा. जपान सरकारने २००५ साली ‘कूल बिझ’ नावाची मोहीम काढून उन्हाळ्यात ऑफिसांचं सेटिंग २८ ठेवायला सांगितलं आणि टाय-कोट नको म्हटलं. पंतप्रधानांपासून सगळे बिनटायचे दिसू लागले. आपल्याकडे उष्णतेच्या लाटेची बातमी देणारा सुटाबुटात असतो आणि ती लाट ज्याच्या अंगावर येते तो आसरा चौकात डोक्यावर ओला टॉवेल टाकून रिक्षा चालवत असतो.

छापील वर्तमानपत्रांचं आणि एसीचं नातं तर जन्मापासूनचं. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा ताब्यात ठेवणारी यंत्रणा त्यासाठी आखली. माणसाच्या सुखाचा विचार नंतर आला. सोलापूरकरांना हे ओळखीचं वाटेल. इथे कोरड्या एप्रिलमध्ये सूत तुटू नये म्हणून गिरणीतल्या हवेत ओलावा राखायची यंत्रणा असायची, आणि तीच गिरणी चालवणारा कामगार घरी पत्र्याखाली झोपायचा. यंत्राला, कागदाला, सुताला नेमकी हवा लागते हे सगळ्यांना पटतं. म्हातारीला लागते म्हटलं की चैनीचा विषय निघतो. मला चीड येते ती इथे.

एका वर्तमानपत्राच्या ऑफिसातलं सांगतो, नाव-गाव सांगत नाही. ऐन एप्रिलमध्ये फोन आला की गार होत नाही. गेलो तर पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची, दुपारचं ऊन थेट टेबलांवर. रिमोट १६ वर. डक्टच्या तोंडाखाली बसलेल्या मुलीने ओढणी कानावरून गुंडाळलेली, शेजारच्याने थंड झोत अंगावर येऊ नये म्हणून जाळीत पेपराची घडी कोंबलेली, आणि काचेजवळचे दोघे घामाघूम. फिल्टर ओढला तर धुळीचा जाड थर गादीसारखा निघून आला. चहावाल्याच्या सोयीसाठी दार खुर्ची लावून उघडं ठेवलेलं. आउटडोरचा, म्हणजे एसीच्या बाहेरच्या पेटीतला, कॉम्प्रेसर सकाळपासून थांबलेला नव्हता. त्या सगळ्यात टेबलावर उद्याच्या पुरवणीचं पान पडलं होतं, विषय हाच, लोकांच्या एसीच्या हव्यासाने पृथ्वीचं काय होतंय. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण आठवल्याशिवाय राहिली नाही. पण लिहिणारा मुलगा प्रामाणिक होता, त्याचा मला राग आला नाही. राग आला तो त्या इमारतीत कोणालाच स्वतःचं वीजबिल ठाऊक नव्हतं याचा. फिल्टर धुतले, काचेला बाहेरून चिका म्हणजे बांबूचे पडदे लावले, दाराला क्लोजर बसवला, बंद पडलेले पंखे सुरू केले आणि सेटिंग २५ वर आणलं. क्लॅम्प मीटर लावून उतरलेला करंट मॅनेजरांना दाखवला. गार न होण्याची तक्रार तिथेच संपली. याची बातमी झाली असती तर त्या पुरवणीपेक्षा वाचकांच्या जास्त कामाला आली असती.

जाहिरातीचंही बोललं पाहिजे. एप्रिल उजाडला की पहिल्या पानावर एसीची पानभर जाहिरात, बिनव्याजी हप्ते, जुना द्या नवा घ्या. आत सातव्या पानावर एसी टाळा म्हणून लेख. धंद्याला जाहिरात लागते, मान्य. पण जाहिरातीशेजारी स्टार रेटिंगचं लेबल कसं वाचायचं याची चार ओळींची चौकट टाकायला काय हरकत आहे? त्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं आणि तो आकडा १६०० तासांच्या वापराचा असतो, हे किती वाचकांना कोणी सांगितलंय?

इंग्रजी माध्यमांतले लेख आपल्याकडे मराठीत होऊन येतात, भारत एसी घेतोय म्हणजे जगावर संकट, अशा सुराचे. ते जिथे लिहिले जातात तिथली स्थिती बघा. अमेरिका आणि जपानमध्ये सुमारे ९० टक्के घरांत एसी आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या सर्वांत उष्ण भागांत राहणाऱ्या २८० कोटी लोकांपैकी जेमतेम ८ टक्क्यांकडे तो होता. अमेरिकेत विसाव्या शतकात अति उष्ण दिवसांतले मृत्यू साधारण तीन-चतुर्थांश घटले, आणि त्यामागे घराघरांत पोहोचलेला एसी हे सर्वांत मोठं कारण असल्याचं तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलंय. युरोपने एसी टाळला, त्याचं कौतुकही खूप झालं. २००३ च्या उन्हाळ्यात तिथे सुमारे ७०,००० माणसं गेली आणि २०२२ मध्ये ६०,००० च्या पुढे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची खेळाडूंची वसाहत बिनएसीची म्हणून गाजवली, जमिनीखालच्या पाण्याने गारवा देणारी. कल्पना उत्तमच होती. पण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांनी आपल्या खेळाडूंसाठी एसीची सोय केली आणि शेवटी आयोजकांनाच संघांच्या खर्चाने अडीच हजार फिरते एसी मागवावे लागले. तिशीच्या आतल्या धडधाकट खेळाडूंना झोप लागावी म्हणून हे चालतं, मग सोलापुरातल्या आजीला का नाही?

आपल्याकडचा दाखला अहमदाबादचा. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले आणि त्यातून २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला. म्हातारी माणसं, बाळं, बीपी-साखरेची औषधं घेणारे यांना सर्वांत जास्त धोका असतो. दिवसा ऊन सोसलेल्या शरीराला रात्री सावरायला गारवा लागतो. हवा ४० च्या वर गेली की पंख्याचा वारा शरीर आणखी तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ४० म्हणजे रोजचं.

आता मुलीच्या मुद्द्याकडे येतो, कारण तिला आकडे द्यायला हवेत. दहा बाय बाराच्या खोलीत एक टनाचा (हा टन गार करण्याच्या ताकदीचा, वजनाचा नव्हे) पाच स्टार इन्व्हर्टर, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा एसी, सेटिंग २६, वर पंखा हळू चालू, रात्रीचे आठ तास, तर साधारण पाच युनिट धरा. उन्हाळ्याच्या पाऊणशे रात्री म्हणजे ३७५ युनिट. आपल्या ग्रीडमध्ये, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यात, कोळशाचा वाटा मोठा असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे आजीचा अख्खा उन्हाळा २६०-२६५ किलोंचा. मुंबईहून लंडनला एका माणसाने साध्या वर्गातून विमानाने जाऊन-येऊन केलं की हाच कार्बन डायऑक्साइड एक टनाच्या, म्हणजे हजार किलोंच्या, वर जातो. हवामान परिषदांचं वार्तांकन करायला जाणाऱ्यांनी जाऊ नये असं मी म्हणत नाही, त्या बातम्या हव्यातच. पण आपल्या प्रवासाचा आकडा बातमीखाली छापला तर वाचक जास्त विश्वास ठेवेल.

याच हिशेबात सेटिंगचं महत्त्व कळतं. स्टार लेबल देणाऱ्या केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या म्हणण्यानुसार सेटिंग एक अंश वर नेलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १८ वरून २४ वर आलात की जवळजवळ तिसरा हिस्सा. १ जानेवारी २०२० पासून बनलेला स्टार लेबलचा प्रत्येक एसी चालू केल्यावर २४ वरच सुरू होतो, तो नियमच आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सेटिंग २० ते २८ च्या मध्येच ठेवता येईल अशी मर्यादा आणणार असल्याचं जाहीर केलं तेव्हा चॅनेलांवर दिवसभर चर्चा झाली, सरकार आता बेडरूममध्ये येणार का म्हणून. त्या चर्चा ज्या स्टुडिओत चालल्या तिथलं सेटिंग कोणीच सांगितलं नाही.

पण माझ्या धंद्यातली खरी मोठी गोष्ट वीज नाही, गॅस आहे. यावर मराठीत जवळजवळ कोणीच लिहीत नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. तो त्याच नळीत फिरत राहतो, दहा-बारा वर्षंही. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ असं कोणी म्हणालं तर समजायचं की कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता वरून भरला जातोय. जुन्या यंत्रांतला आर-२२ हा वायू एक किलो हवेत गेला तर पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम करतो. त्यानंतर आलेला आर-४१०ए आणखी वरचा, दोन टनांच्या पुढे. आता मिळतो तो आर-३२ बराच सौम्य, कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. प्रोपेन म्हणजे आर-२९० तर नगण्य, पण तो पेटणारा असल्याने बसवणारा जाणकार हवा. आता मघाचा हिशेब पुन्हा मांडा. तुमच्या एक टनाच्या यंत्रात सातशे ग्रॅमच्या आसपास आर-३२ असेल. नळीच्या जोडावरचा फ्लेअर नट ढिला राहिला आणि तो सगळा उडाला तर जवळजवळ पावणेपाचशे किलोंचा फटका, म्हणजे आजीच्या उन्हाळाभराच्या विजेपेक्षा कितीतरी जास्त. घर बदलताना एसी काढणारा पोऱ्या गॅस आउटडोरमध्ये ओढून न घेता नट सोडून ‘फुस्स’ करून मोकळा होतो, तेव्हा हेच होतं. पाच मिनिटांचं काम वाचवायला.

भारत सरकारने मार्च २०१९ मध्ये कूलिंगचा राष्ट्रीय आराखडा केला, त्यात एक लाख मेकॅनिकांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं. असे वायू कमी करत नेण्याच्या किगाली करारालाही २०२१ मध्ये आपण मान्यता दिली. सोलापूर जिल्ह्यात किती मेकॅनिकांना हे प्रशिक्षण मिळालं, गॅस परत काढून घेणारं यंत्र किती दुकानांत आहे, एवढी एक बातमी कोणी केली तर ग्राहकाला अपराधी ठरवणाऱ्या शंभर लेखांपेक्षा जास्त वायू वाचेल. आमच्या धंद्यातल्या पोरांना कोणी शिकवतच नाही. गच्चीच्या कडेला लोंबकळून, बेल्ट नाही की काही नाही, भर उन्हात ती आउटडोर बसवतात. त्यांच्याबद्दलही लिहायला हवं.

विजेबद्दल सोलापूरला कोणी उपदेश करताना एक लक्षात ठेवावं. आपल्या उशाला, दक्षिण सोलापुरात, एनटीपीसीचा ६६० मेगावॅटचे दोन संच असलेला कोळशाचा प्रकल्प आहे. त्याला उजनीचं पाणी जातं आणि वीज राज्यात तसंच राज्याबाहेरही जाते. २०१३ च्या शेवटी रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड देशाच्या ग्रीडला जोडलं गेलं, तेही इथूनच. मुंबई-दिल्लीच्या टॉवरांतले गार मजले आणि कुंभारीच्या रे नगरात, कामगारांच्या वसाहतीत, फिरणारा पंखा एकाच ग्रीडवर आहेत. उजनीचं पाणी शहराला मात्र काही दिवसांआड येतं.

त्यावरून कूलरकडे येऊ. ‘एसी नको, कूलर वापरा’ हा सल्ला सोलापूरच्या कोरड्या हवेला खरोखर चांगला आहे. दीड-दोनशे वॅटमध्ये मोठी खोली आठ-दहा अंशांनी उतरते, एसीच्या साधारण पाव विजेत. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी एप्रिल-मेमध्ये तोच वापरावा. पण मोठा कूलर कडक उन्हात तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या घराने पाणी प्यायला ठेवायचं की कूलरला घालायचं? साठवलेल्या पाण्यात डासही होतात. आणि मृगाची ढगाळ हवा सुरू झाली की कूलर नुसता चिकचिकाट वाढवतो. एका वाक्यात दिलेला सल्ला इथे येऊन अडतो. असे लेख लिहिणाऱ्याने भवानी पेठेत एक दुपार आणि एक रात्र काढली तर तो वेगळं लिहील.

घराबद्दल मात्र सगळ्यांनाच सांगायचंय, एसी असो-नसो. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं, हात-दीड हात मातीचं छत आणि पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, दुपारचं ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ करायची. त्या जागी आपण चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब टाकला. रात्री दहाला वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खालच्या बाजूला हात लावून बघा, चटका जाणवतो. इन्फ्रारेड थर्मामीटर धरला की ४० च्या वर आकडा येतो आणि बाहेर अंगणात तेव्हा ३२-३३ असतं. एसी रात्री दोनपर्यंत हवेशी नाही, त्या स्लॅबशी झगडत असतो. गच्चीला पांढरा परावर्तक रंग, तो परवडत नसेल तर चुन्यात डिंक घालून दोन हात, पत्र्यावर तर हमखास. तेलंगणाने २०२३ मध्ये छतं गार ठेवण्याचं धोरणच केलंय. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक तिकडेच आहे, त्यांना विचारा. १०० किलोवॅट आणि त्यावर जोडभार असलेल्या नव्या व्यापारी इमारतींसाठी देशात ऊर्जा संवर्धनाची इमारत संहिता २००७ पासून आहे. होटगी रोडला, विजापूर रोडला पश्चिमेकडे तोंड करून काचेच्या इमारती उभ्या राहतात त्या कुठल्या निकषावर पास होतात, हा प्रश्न विचारणं बातमीदाराचं काम आहे.

बातमीदारांबद्दल शेवटी एवढंच म्हणतो की सगळ्यांना एका मापाने मोजू नका. करमाळ्यात, मंगळवेढ्यात दुचाकीवर उन्हात फिरून उष्माघाताची बातमी देणारा स्ट्रिंगर, म्हणजे नोकरीत नसलेला बातमीदार, यात कुठेच दोषी नाही. त्याला तर एसीही नाही, पगारही नाही. जबाबदारी संपादक-मालकांची आहे. त्यांनी दरवर्षी पृथ्वी दिनाच्या अंकात आपल्या इमारतीचं वर्षाचं वीजबिल, चौरस मीटरमागे किती युनिट आणि स्टुडिओचं सेटिंग छापावं. कोणीही वाचक ते समजू शकतो आणि कोणताही ऑडिटर दोन दिवसांत काढून देतो. मी सोलापुरातल्या कोणत्याही वर्तमानपत्राला हे फुकट करून द्यायला तयार आहे.

तुमचं काम असं करा. पाडव्याच्या आत गच्चीला पांढरा रंग मारून घ्या, मगच टनेज ठरवा. रंग मारला तर दहा बाय बाराला एक टन पुरतो, उघड्या स्लॅबखाली दुकानदार दीड टन गळ्यात मारेल आणि त्याचं चुकतही नाही. पाच स्टार, इन्व्हर्टर, गॅस आर-३२ किंवा आर-२९०. बसवणाऱ्याला नळीतली हवा काढणारा व्हॅक्युम पंप घेऊन यायला सांगा, तो नसेल तर काम सुरू करू देऊ नका. जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते समोर उभं राहून बघा. आउटडोर उत्तरेच्या भिंतीवर किंवा सावलीत, समोर मोकळी जागा. १६ लावल्याने खोली लवकर गार होते हा समज सोडा, २६ लावा, पंखा एकवर, पडदा जाड. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली. महिन्याचं बिल ३०० युनिटांच्या टप्प्याच्या आत ठेवायचा प्रयत्न करा, त्यापुढे दर चढतो. आणि मीटरचा रोजचा आकडा लिहायचं काम मुलीकडे द्या. जूनमध्ये तो कागद घेऊन या, आपण तिघं बसून बघू.